बसथांब्यापासून गेटपर्यंत: ठाण्यातला आपला रस्ता सुरक्षित करून घेण्याची पद्धत

शहर बायका-मुलांसाठी सुरक्षित करायचं म्हटलं की गाडी लगेच कॅमेऱ्यांवर जाते, नाहीतर कराटेच्या वर्गांवर. दोन्हीला माझा विरोध नाही. पण ठाण्यात रात्री पावणेदहाला कामावरून परतणाऱ्या बाईची खरी अडचण बहुतेक वेळा पाचशे मीटरची असते. लोकलमध्ये माणसं असतात, बसमध्ये कंडक्टर असतो, शेअर रिक्षात शेजारी कोणीतरी बसलेलं असतं. उतरल्यापासून सोसायटीच्या किंवा चाळीच्या दारापर्यंत मात्र ती एकटी असते.

निर्भया निधीतून केंद्राने महिलांच्या सुरक्षेच्या सेफ सिटी प्रकल्पासाठी ८ महानगरं निवडली. त्यात मुंबई आहे. मुलुंडचा नाका ओलांडला की आपण त्या यादीच्या बाहेर. पण हे पाचशे मीटर दुरुस्त करायला एवढा मोठा प्रकल्प लागतच नाही. नेमकी तक्रार नेमक्या टेबलावर नेऊन द्यावी लागते आणि तिची पोच जपून ठेवावी लागते. ते कसं करायचं, त्याची ही पद्धत.

रस्ता चालत जाऊन बायकांनीच तपासायचा, ही कल्पना १९८९ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत मेट्रॅक या संस्थेने बांधीव रूपात आणली. आपल्याकडे दिल्लीत जागोरी या संस्थेने ती राबवली, आणि २०१३ मध्ये सेफ्टीपिन हे ॲप आलं. त्यात उजेड, मोकळेपणा, माणसांची वर्दळ, पायवाट, बसची सोय असे नऊ निकष लावून जागेला गुण देता येतात. ॲप वापरायचं तर जरूर वापरा, पण प्रभाग कार्यालयात शेवटी कागदच लागतो. म्हणून वही-पेन घेऊन निघायचं.

आधी एकच रस्ता ठरवा

अख्खा प्रभाग हातात घेऊ नका. पाचशे ते सातशे मीटरचा एक तुकडा घ्या, ज्याची दोन टोकं पक्की आहेत. घोडबंदर रस्त्यावरचा बसथांबा आणि आतल्या संकुलाचं गेट. कोपरीकडे उतरून पूर्वेला जाणारी वाट. वागळे इस्टेटमधला कारखान्यांचा रस्ता, जिथे शटर संध्याकाळी पडतात आणि कॉल सेंटरच्या मुली अकराला सुटतात. कळव्याहून विटाव्याकडे जाणारी वाट, जिथे रेल्वेच्या पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचतं.

कोणता तुकडा घ्यायचा हे नकाशावरून ठरत नाही. इमारतीतल्या, वस्तीतल्या बायकांना एवढंच विचारा: कुठला रस्ता टाळता? वळसा कुठे घालता? आणि जिथे चालत जाता आलं असतं, तिथे रिक्षा कुठे करता? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. चारशे मीटरच्या अंधारासाठी एखादी बाई रोज ते देत असेल, तर महिन्याचे पंचवीस दिवस धरून ६५० रुपये झाले. हा आकडा अर्जात घालता येतो, आणि अधिकाऱ्याला तो ‘असुरक्षित वाटते’ या दोन शब्दांपेक्षा लवकर कळतो.

बरोबर कोण हवं

सहा ते आठ जणी पुरे. त्याहून जास्त झाल्या की तपासणीचा मोर्चा होतो, आणि रस्ता नेहमीसारखा राहत नाही.

समितीतल्या पदाधिकारी बायकांनीच हे उरकू नये. घरकामाला येणाऱ्या मावशींना आवर्जून घ्या. त्या पहाटे पावणेसहाला त्याच रस्त्याने येतात आणि आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टी त्यांना माहीत असतात. ‘ताई, आम्ही सरळ नाही येत हो, नाल्याच्या बाजूने येतो, तिकडे दूधवाल्याचं दुकान उघडं असतं,’ असं एक वाक्य मिळालं की अर्धी पाहणी झाली. शिफ्टमध्ये काम करणारी नर्स, क्लासवरून रात्री परतणारी कॉलेजची मुलगी, काठी घेऊन चालणाऱ्या आजी, बाबागाडी ढकलणारी आई, यातल्या जमतील तेवढ्या घ्या. एक-दोन पुरुष असले तरी चालतं. त्यांनी टेप धरायची, आणि मत सगळ्यांचं झाल्यावर द्यायचं. ‘इथे काही होत नाही, मी रोज येतो’ हे वाक्य पहिल्याच खांबाजवळ कोणी टाकलं की बाकीच्या गप्प होतात.

मजुरी बुडवून कोणी येणार असेल तर तिचा वेळ सांभाळा. मावशींची फेरी त्यांच्या कामाच्या वाटेवरच करा. जवळच्या पोलीस चौकीला आदल्या दिवशी कळवून ठेवा. परवानगी मागायची नाही, फक्त सांगून ठेवायचं.

वेळ

रात्री साडेनऊ ते साडेदहा, पहाटे साडेपाच, आणि शाळा सुटताना. तिन्ही वेळा वेगवेगळ्या दिवशी. गणपती-नवरात्रात जाऊ नका. मंडळांची रोषणाई आणि गर्दी यांत खरा रस्ता दिसत नाही. रविवारही टाळा.

उजेड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मोबाईलचा टॉर्च बंद. प्रत्येक खांबापाशी थांबायचं आणि त्यावर रंगवलेला क्रमांक लिहून घ्यायचा. पुसला असेल तर समोरच्या दुकानाचं नाव किंवा इमारतीचं गेट लिहा. मग एकीने खांबाखाली उभं राहायचं, दुसरीने पंधरा पावलं पुढे जाऊन वळायचं. चेहरा ओळखू येतो का? ड्रेसचा रंग दिसणं पुरेसं नाही. समोरून येणारा माणूस ओळखीचा आहे की नाही, हे बाजूला व्हायला वेळ असतानाच कळलं पाहिजे, यासाठी हा उजेड असतो.

‘लाईट नाही’ एवढंच लिहिलं की अर्ज टेबलाटेबलावर फिरतो, कारण अंधाराची कारणं वेगळी आणि त्यांचे धनीही वेगळे.

एकच दिवा बंद असेल तर दिवा किंवा त्याची जोडणी गेलेली असते. विद्युत विभागाचा माणूस शिडीची गाडी आणून ते करतो. ओळीने पाच-सहा दिवे बंद असतील तर केबल, फेज किंवा मीटर पेटीतल्या टायमरचा घोळ असतो. तिथे एका खांबाचा क्रमांक देऊन भागत नाही, पहिल्या आणि शेवटच्या बंद खांबाचा द्यावा लागतो.

दिवा चालू आहे आणि खाली अंधार आहे, असं ठाण्यात फार ठिकाणी दिसतं. जुन्या वर्षावृक्षांच्या रस्त्यावर वर बघा: दिवा फांद्यांच्या मधोमध असतो, पानं हिरवीगार उजळलेली आणि पदपथावर ठिपके-ठिपके. विद्युत विभाग म्हणणार झाड उद्यान विभागाचं, उद्यान विभाग म्हणणार परवानगी लागते. दोघंही बरोबर असतात. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि फांद्यांना हात लावायलाही वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते. त्यामुळे अर्ज दोन्ही विभागांना एकाच दिवशी द्या, दोन्हींत एकमेकांचा उल्लेख करा, आणि ‘झाड तोडा’ असं चुकूनही लिहू नका. दिव्याभोवतीच्या फांद्यांची छाटणी, एवढंच. पावसाळ्याआधीच्या छाटणीच्या यादीत नाव घुसवायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये अर्ज आत गेलेला असावा.

चौथा प्रकार घोडबंदरला दिसतो. खांब उंच, दिव्याचं तोंड मुख्य रस्त्याकडे, आणि सेवा रस्ता त्याच्या पाठीमागच्या सावलीत. गाड्यांसाठी उजेड आहे, चालणाऱ्यांसाठी नाही. इथे बंद दिव्याची तक्रार करून उपयोग नाही. त्याच खांबावर खालच्या उंचीला, पदपथाकडे तोंड करून दुसरी फिटिंग मागायची.

पाचवा प्रकार, खांबच नाही. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजा आणि लिहा. आणि उलटं दुखणंही असतं: सोसायटीच्या गेटवर डोळ्यांवर मारणारा पांढरा एलईडी फोकस. त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला पुढची पन्नास पावलं काहीच दिसत नाही.

फोटो काढताना मोबाईलचा नाईट मोड बंद करा. तो अंधाराची दिवाळी करून दाखवतो, आणि साहेब फोटो बघून म्हणतात, ‘चांगला उजेड आहे की.’

आडोसा, माणसं, पाय

उजेडानंतर आडोसा. महिनोन्महिने उभ्या भंगार गाड्या, डेब्रिजचे ढीग, विजेचे डीपी बॉक्स, रात्री ओळीने लागलेले पाण्याचे टँकर आणि शाळांच्या बस, मेट्रोच्या कामाचे पत्रे. पत्र्यांचा त्रास असा की एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीची आठ फुटी भिंत आली की मध्ये बोळ तयार होतो. शिरल्यावर बाहेर पडायला वाट किती पावलांवर आहे, ते मोजा. पत्र्यांच्या ओळीत मध्ये फट ठेवणं, वरचा अर्धा भाग जाळीचा करणं, पत्र्यावर दिव्यांची माळ लावणं या तिन्ही मागण्या कंत्राटदाराला सहज करता येण्याजोग्या आहेत.

मग माणसं. कोणतं दुकान किती वाजता बंद होतं, हे लिहा. मेडिकल, पोळीभाजी केंद्र, इस्त्रीवाला, वडापावची गाडी. यावर माझं मत थोडं नावडतं आहे: कोपऱ्यावर साडेदहापर्यंत गॅसबत्ती लावून बसणारी भाजीवाली उठवली, तर त्या कोपऱ्याची राखण गेली. आपणच ‘फेरीवाले हटाव’चा अर्ज करतो आणि महिन्याभराने ‘रस्ता सुनसान झाला’ म्हणून दुसरा. हटवण्यापेक्षा जागा आखून द्या म्हणावं, पदपथाचा अर्धा भाग मोकळा ठेवून. मात्र बारच्या बाहेर, पदपथावरच ग्लास घेऊन उभ्या असलेल्या घोळक्याला वर्दळ म्हणत नाहीत. वर्दळ लिहिताना त्यात बायका किती, मुलं किती, तेही लिहा. तीस पुरुष आणि एकही बाई नाही, ही नोंद स्वतंत्र आहे.

पायाखाली बघायला टेप लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपर्यंत हवी. दुचाक्या, फलक, उघडे चेंबर वगळून किती उरते ते मोजा. पदपथ तुटला की बाई रस्त्यावर उतरते, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला जवळून जायला आयतं कारण मिळतं. सोनसाखळी चोरांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

बसथांब्याची मागची बाजू जाहिरातीच्या फलकाने पूर्ण झाकलेली असेल तर तीही नोंद करा. सार्वजनिक शौचालय रात्री किती वाजता कुलूप लावून बंद होतं, बायकांच्या बाजूला आतून कडी आहे का, आत दिवा आहे का, तिथे जाण्याची वाट पुरुषांच्या दारावरून जाते का, हे एकीने आत जाऊनच बघायचं. बाहेरून चकाचक टाइल्स असतात.

मुलांची फेरी वेगळी, आणि दिवसा

मोबाईल जमिनीपासून मीटरभर उंचीवर धरून रस्त्याचा व्हिडिओ काढा. पहिलीतल्या मुलाची नजर साधारण तिथे असते. कडेला उभ्या एसयूव्हीच्या बॉनेटपलीकडचं काही दिसत नाही, झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडाशी रिक्षास्टँड असतं, आणि दुभाजकातल्या झुडपांमागून येणारी गाडी मुलाला दिसत नाही, मूलही चालकाला दिसत नाही.

मग मुलांना कागद द्या आणि घर ते शाळा, घर ते मैदान असा रस्ता काढायला सांगा. आवडती जागा हिरवी, नकोशी लाल. काही सुचवू नका. मुलं कुत्र्यांबद्दल सांगतील, उघड्या गटाराबद्दल सांगतील, जिन्यातल्या अंधाऱ्या मजल्याबद्दल सांगतील. आणि कधीतरी एखादं मूल एखाद्या माणसाबद्दल सांगेल.

तिथे सगळं बाजूला ठेवायचं. शांतपणे ऐकायचं, ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणायचं, आणि तेच पुन्हापुन्हा चार जणांसमोर वदवून घ्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. ‘सोसायटीचं नाव खराब होईल’ म्हणून समितीने मिटवायचा विषय तो नव्हे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख कुठेही फुटता कामा नये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन चोवीस तास चालते.

पोक्सोखालच्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. म्हणून रस्त्याइतकीच गेटच्या आतली तपासणी महत्त्वाची: तळघरातलं पार्किंग, गच्चीचं दार, जिम, पंपरूम, बंद पडलेला जिना. वॉचमनची केबिन कुठे तोंड करून आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती गाड्यांचं बॅरियर उचलायला सोयीची आणि मुलांचं खेळायचं मैदान पाठीमागे अशी असते. कामवाल्या बायकांची पिशवी तपासणारी सोसायटी स्वतःच्या सभासदांच्या मुलांना लिफ्टमध्ये कोण भेटतं हे विचारत नाही, ही आपल्याकडची खास तऱ्हा.

एक स्वस्तातलं काम आजच करता येईल. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, पदपथाकडे तोंड करून, सोसायटीच्या मीटरवर दोन-तीन साधे एलईडी दिवे. सर्वसाधारण सभेत यावरून वाद होतो (‘महापालिकेचं काम आपण का करायचं?’), पण महापालिकेचा खांब येईपर्यंत आपल्याच मुली तिथून चालणार आहेत.

शाळेचं थोडक्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघडकीस आली आणि ठाणे जिल्ह्यातले पालक शाळेच्या ऑफिसात जाऊन प्रश्न विचारू लागले. ते थांबू नये. विचारा: मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती स्थापन झाली आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतं, लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं. स्कूलबसचे राज्याचे नियम २०११ चे आहेत. त्यात शाळेची परिवहन समिती आणि बसमध्ये महिला सहाय्यक ही तरतूद आहे. व्हॅनवाल्या काकांशी चांगले संबंध असणं वेगळं, आणि व्हॅनमध्ये शेवटी एकटं उरणारं मूल कोणतं हे माहीत असणं वेगळं. दुसरं विचारायला विसरू नका.

चालताना कोणी सांगितलंच तर

फेरीत बायका बोलत्या होतात. पाठलाग, धक्का, घाणेरडे शेरे, मोबाईलने चोरून काढलेले फोटो. तिची इच्छा असेल तर पुढचं सांगा, बळजबरी नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: विनयभंग कलम ७४, लैंगिक छळ ७५, चोरून बघणं किंवा चित्रण ७७, पाठलाग ७८, शब्द-हावभावाने अपमान ७९. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फुकट मिळते, मागून घ्यायची.

तातडीला ११२. महिला हेल्पलाइन १८१. लोकलमध्ये किंवा फलाटावर असाल तर रेल्वे पोलिसांचा १५१२ किंवा रेल्वेचा १३९. हे चार आकडे मोबाईलमध्ये साठवायला सांगून भागत नाही. तिथेच उभ्या-उभ्या प्रत्येकीकडून साठवून घ्या.

कोणाचं काय

नोंदी झाल्या की प्रत्येक ओळीसमोर धनी लिहायचा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक गट इथेच सुटतात.

ठाणे महापालिकेच्या प्रभाग समित्या आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकर नगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा. प्रत्येकीचा सहाय्यक आयुक्त हा तुमचा पहिला माणूस. दिवे विद्युत विभाग, पदपथ आणि चेंबर बांधकाम आणि मलनिःसारण, छाटणी उद्यान विभाग, शौचालय घनकचरा विभाग, बसथांबा ठाणे परिवहन. टेबलाच्या पलीकडे जो कनिष्ठ अभियंता बसतो, त्याचं नाव आणि भेटायची वेळ विचारून घ्या. रस्त्यावर येऊन बघणारा तोच.

खरा गुंता महापालिकेच्या बाहेरचा. रस्त्यावरचे दिवे पालिकेचे, पण उघडा पडलेला डीपी बॉक्स वीज वितरण कंपनीचा. वागळे इस्टेटच्या औद्योगिक भागात एमआयडीसी येते. घोडबंदरला महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि मेट्रो चारचं काम करणारी एमएमआरडीए अशी सगळी मंडळी एकाच शंभर मीटरवर भेटतात. स्टेशनात फलाट आणि पूल रेल्वेचा, पुलाची पायरी उतरली की पालिका. नवी मुंबईच्या मैत्रिणींना याहून गंमत: स्टेशनची इमारत सिडकोने उभारलेली, गाडी रेल्वेची, समोरचा रस्ता महापालिकेचा, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एमआयडीसी. हद्दीवर शंका असेल तर दोघांनाही अर्ज द्या, आणि ‘आपल्या हद्दीत नसल्यास तसे लेखी कळवावे’ हे वाक्य शेवटी टाका. त्या लेखी नकाराची पुढे फार किंमत असते.

अर्ज

एका अर्जात एका विभागाचंच काम. अर्धं पान. तो असा दिसतो:

*प्रति, मा. सहाय्यक आयुक्त, माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती, ठाणे महानगरपालिका.*
*विषय: (थांब्याचं नाव) बसथांबा ते (संकुलाचं नाव) गेट या सेवा रस्त्यावरील पथदिव्यांबाबत.*
*महोदय, दि. … रोजी रात्री ९.३० ते १०.३० या वेळेत आम्ही या रस्त्याची पायी पाहणी केली. खांब क्र. … ते … सलग बंद आहेत. खांब क्र. … चा दिवा फांद्यांनी झाकला आहे. खांब क्र. … व … यांमधील अंतर … पावले असून मध्ये दिवा नाही. या रस्त्याने रात्री परतणाऱ्या महिला चालणे टाळून रिक्षा करतात. बंद दिवे सुरू करावेत, पदपथाकडे तोंड असलेली फिटिंग बसवावी व केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी. सोबत: फोटो, नकाशा, सह्या.*
*प्रत: उद्यान विभाग, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, … पोलीस ठाणे.*

भाषा रागाची नको, विनवणीचीही नको. दोन प्रती न्यायच्या. आवक विभागात एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘साहेबांना भेटून या, मग घेतो’ असं खिडकीवरून सांगितलं तरी आधी पोच, मग साहेब.

पोलिसांना वेगळा अर्ज: गस्तीची वेळ आणि बीट मार्शलने (गस्तीवरच्या पोलिसाने) नेमकं कुठे थांबावं, हे लिहून. दामिनी पथकाची फेरी शाळा सुटताना मागा. कॅमेरा मागायचाच असेल तर कोणत्या वळणावर, कोणत्या दिशेला, आणि तिथे दिवा आहे का हे लिहा. अंधारातला कॅमेरा दुसऱ्या दिवशी सकाळी काळी पट्टी दाखवतो.

पाठपुरावा

पंधरा दिवसांनी कनिष्ठ अभियंत्याला फोन, आवक क्रमांक सांगून. त्याला रात्री रस्त्यावर बोलवा. दिवसा आलेला माणूस खांब मोजून जातो. रात्री एकदा चालला की फरक पडतो. नगरसेवकाला बोलवायचं असेल तर जरूर, पण श्रेयाच्या फलकाचा विषय आधीच मिटवून घ्या.

महिना उलटला आणि हालचाल नाही, तर दोन वाटा. पहिली माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, तो प्रश्न फेटाळला जातो. विचारा: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची, टिपणीसह, प्रत द्यावी. पुष्कळदा उत्तर यायच्या आत शिडीची गाडी येते.

दुसरी वाट लोकशाही दिनाची, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवसाची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि आधी खालच्या पातळीवर दाद मागितल्याचा पुरावा लागतो. इथे ती शिक्क्याची प्रत आणि तो लेखी नकार बाहेर काढायचा. नव्या खांबांसारखं खर्चाचं काम असेल तर मात्र डिसेंबरअखेरीच्या आत मागणी गेली पाहिजे, कारण आयुक्त पुढच्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक एप्रिलच्या आधीच्या महिन्यांत मांडतात. मेमध्ये गेलात तर ‘तरतूद नाही’ हे उत्तर ठरलेलं.

काम झालं की त्याच बायकांनी, त्याच वेळेला पुन्हा चालायचं आणि पंधरा पावलांची परीक्षा पुन्हा घ्यायची. मेच्या अखेरीला एक फेरी ठेवा, पाऊस सुरू होण्याआधी चेंबरची झाकणं बघायला. दुसरी ऑक्टोबरमध्ये, पावसाने गेलेल्या जोडण्या आणि वाढलेल्या फांद्या टिपायला. काम झाल्याचं पत्र अभियंत्याला द्या. पुढच्या वेळी तो तुमचा फोन उचलतो. फाइल कोणा एकीच्या घरी ठेवू नका. एक संच सोसायटीच्या कपाटात, एक मावशींच्या वस्तीतल्या बचत गटाकडे, आणि सगळ्या पोचांचे फोटो दोघींच्या तरी मोबाईलमध्ये. सेक्रेटरी दर निवडणुकीला बदलतो आणि कनिष्ठ अभियंत्याची बदली त्याहून लवकर होते.